चांगल्या रिपोर्टचा पेढा

सरुबाईच्या ओल्या तळहातावर मंदाकिनीबाईंनी पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "घे. माझे रिपोर्ट चांगले आले."

सरुबाई पेढ्याकडे बघतच राहिली. आता या बाईला काय म्हणावं? रिपोर्ट सरुबाईचा, आणि पेढे वाटतेय ही. एवढं धडधडीत खोटं, आणि तेही तोंडावर.

डायनिंग टेबलाशी बाईंचे यजमान, अनंतराव, नवी फाईल उघडून बसले होते. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी कागदाला भोकं पाडून तो फायलीत अडकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. 'मंदाकिनी – वैद्यकीय' असं सुवाच्य अक्षरात वर लिहूनही झालं होतं. सून अपूर्वा ऑफिसची बॅग खांद्याला लावून निघण्याच्या बेतात होती.

"सगळं नॉर्मल आहे, सरुमावशी," ती म्हणाली. "किती मागे लागले होते मी. आधी श्रावण, मग पितृपक्ष, मग घट बसलेले, मग दिवाळी. आईंचा नुसता नन्नाचा पाडा. पण गेल्या एकदाच्या. गर्भाशयाच्या तोंडाची ती तपासणी आता तीन वर्षं करायला नको."

तीन वर्षं.

मंदाकिनीबाईंची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि या दसऱ्यापासून त्यांना पुन्हा डाग पडत होते. घरात हे धुणं-भांडी करणाऱ्या सरुबाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आज सकाळीही बाथरूमच्या कोपऱ्यात परकर भिजत पडला होता. मशीनला न लावता वेगळ्या बादलीत टाकलेला, वर ताट झाकून.

दवाखान्यात दोघीच गेल्या होत्या. सरुबाई नुसती सोबतीला. पण सिस्टरनं "मंदाकिनी" असं पुकारलं, तशी बाईंनी तिलाच कोपरानं पुढे ढकललं. "तू आधी जाऊन ये. दुखतं का ते सांग. नंबर वाया नको जायला. मी येते पुढच्या सोमवारी." आणि सरुबाई बावळटासारखी आत गेली. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी तिथं तपासलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मध्येच डाग वगैरे पडतात का? ती खरं तेच बोलली, न्हाय. दोन मिनिटांचं काम. बाहेर येऊन म्हणाली, "काय न्हाय ओ काकू, दाढ काढण्यापरीस बरं." त्यावर काकूंनी कुणाला न सांगण्याची शपथ घातली आणि रिक्षाला हात केला. त्याला आता चार सोमवार झाले.

"खा की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. डोळ्यांनी मात्र त्या गप्प बस म्हणून बजावत होत्या.

अनंतरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "तक्रार काही नाही, असं लिहिलंय. चला. हिची काही तक्रार नाही, हे मला लेखी पहिल्यांदाच मिळतंय."

अपूर्वा हसली. आणि मंदाकिनीबाईही हसल्या, अगदी मोकळं, जिवावरचं संकट टळल्यासारखं. ते हसणं बघून सरुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. लोकांना खोटं सांगितलं, ते एक वेळ समजू शकतं. पण ही बाई स्वतःच त्या कागदावर विश्वास ठेवून बसली होती.

"काकू, बादलीतला परकर कुणाचा हाय?"

मंदाकिनीबाईंचं हसू गेलं. "सरू, तू भांडी घास जा."

"घासते. आधी सांगा, तितं आत कोण झोपलं हुतं? तुमी का मी?"

"शपथ घातलीय मी तुला."

"घातली हुती. मोडली मी आता. तुमचं काय बरंवाईट झालं तर ती शपथ काय चुलीत घालू?" ती अपूर्वाकडे वळली. "वहिनी, ह्यांना दसऱ्यापासून डाग पडत्यात. आन हा रिपोर्ट माझा हाय. ह्यांच्या नावावर मी जाऊन आले."

अपूर्वानं बॅग खाली ठेवली. "आई? काय बोलतायत सरुमावशी?"

मंदाकिनीबाई पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावायला लागल्या. ते काही केल्या बसेना. "मला नाही जमत गं तसं पडून राहायला, परक्या माणसापुढे," त्या म्हणाल्या. मग आवाज अगदी खाली गेला. "आणि काही निघालं म्हणजे?"

सरुबाईला एकदम त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच राग आला. शाळेत तीस वर्षं मुलींना शिस्त लावलेली ही बाई, आणि भ्यायली कशाला, तर दोन मिनिटांच्या तपासणीला.

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हातातला कागद त्यांनी उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"हा सरूचा," ते बायकोकडे बघत सावकाश म्हणाले. "मग तुझा कुठाय?"

अपूर्वानं फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर शोधायला लागली.

सरुबाईनं पदराला हात पुसला. अनंतरावांच्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या पिशवीत ठेवला. टेबलावर मंदाकिनीबाईंच्या नावाची फाईल उघडी पडली होती. आत काही नव्हतं. त्या रिकाम्या पुठ्ठ्यावर तिनं पेढा ठेवला.

"हा राहू द्या," ती म्हणाली. "तुमचा आला की खाईन."