जागा धरणारी तार

पाच वर्षांची ताई माझ्या दवाखान्यातल्या उंच खुर्चीत बसली होती आणि आईच्या मांडीवरच्या तान्ह्या भावाकडे डोळे वटारून बघत होती.

"याला तर एकही दात नाही," ती फणकारली, "तरी सगळे यालाच गोड म्हणतात!"

मी हसू दाबलं आणि तिच्या आईला माझं रोजचं भाषण ऐकवलं. किडलेली दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, की शेजारचे दात हळूहळू त्या जागेत सरकतात. मग पक्का दात येतो तेव्हा त्याला जागाच उरत नाही. म्हणून तिथे ही छोटी तार बसवायची. पक्का दात येईपर्यंत ती त्याची जागा धरून ठेवते.

ताईने सगळं कान देऊन ऐकलं. तार बसवताना हूं की चूं केलं नाही. शाबासकी म्हणून मी स्टिकरचा डबा पुढे केला, तर तिने तो परत सरकवला.

"स्टिकर नको. अजून एक तार द्या. मोठी."

"ती कशाला गं?"



"पलंगावर, आईच्या शेजारी लावायला. मी चार दिवस आजीकडे राहून आले, तर हा माझ्या जागेत सरकलाय."