एक छटा उजळ

यंत्र कधी खोटं बोलत नाही. फोटो स्थळासाठी हवा असेल, तर मात्र त्याला थोडं समजवावं लागतं.

अठ्ठ्याण्णव साली निरुपमाकाकू लेकीला, मधुवंतीला, घेऊन उत्कर्षच्या कारेलीबागेतल्या स्टुडिओत आल्या. त्याने नव्या सॉफ्टवेअरने मॉनिटर आणि प्रिंटरचे रंग नुकतेच तंतोतंत जुळवले होते.

फोटो काढून झाल्यावर काकू गुजराती वळणाने म्हणाल्या, “एक छटा उजळ कर ने, भाई.”

त्याने केली. प्रिंट निघाली. शेजारी बसलेली मधुवंतीही तेवढीच उजळली होती.

“अजून एक.”

तीही प्रिंट निघाली.

“काकू, आधी हिच्याकडे बघा.”

मधुवंतीने हात वर धरला. पंजाच्या आरपार भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

“आई, पुरे ना.”

काकूंनी त्यातूनच तारीख पाहिली. “गुरुवारी फोटो पाठवायचाय. शेवटची एक.”

उत्कर्षने प्लग उपटला. प्रिंटर चालूच राहिला. शेवटची प्रिंट निघाली, तेव्हा मधुवंतीची खुर्ची रिकामी दिसत होती.

पुढच्या आठवड्यात मुलाकडचा होकार आला.