मागचं चाक

दोन विटा, एक फळी, एक दोरी. मोटारसायकलला नुसता साइड स्टँड. लेकीची मुलाखत उद्या, आणि त्या कारखान्याकडे बस जात नव्हती.

“मागच्या चाकात हवा टिकत नाहीये गं. काढून पंक्चरवाल्याकडे देतो.”

“रविवारीच तर तेहतीस भरली होती! थांबा बाबा, एकट्याने उचलू नका, कंबर धरेल.”

तिने पुढचा ब्रेक दोरीने आवळला आणि गाडी साइड स्टँडवर कलवून सगळा भार अंगावर पेलला. बाबांनी इंजिनखाली फळी आणि विटा सरकवल्या. चाक अलगद निघालं.

संध्याकाळी ते रिकाम्या हाताने परतले. “परवा देतो म्हणाला. जाऊ दे, मुलाखती काय, छप्पन येतील.”

चौथ्या दिवशी तिला माळ्यावर गादीमागे चाक सापडलं. तिने हवेचा मीटर लावला. काटा तेहतीसवर थांबला.