माशाचं मुंडकं

लिगाया चार वर्षांची असताना मनिलाहून परदेशात, ब्लॅकटाउन या उपनगरात आली. तिला मनिलाकडच्या तागालोग भाषेतलं एक धड वाक्य येत नाही, पण गॅलरीवाल्याला तिच्याकडून ‘फिलिपिनो’ चित्रच हवं होतं. तिनं घरच्या ताटातला तळलेला मासा रंगवला. "मुंडकं काढ, लोकांना किळस येते," तो म्हणाला. पहिलंच प्रदर्शन होतं. तिनं मुंडक्यावर रंग फासून ते झाकून टाकलं.

उद्घाटनाला पाहुणे वाइन ढोसत म्हणत राहिले, "किती अस्सल! मूळची कुठली गं तू?"

"ब्लॅकटाउन."

"नाही, मूळची?"

तेवढ्यात वृद्धांच्या केअर होममधली शिफ्ट संपवून, युनिफॉर्मवरच एक फिलिपिनो बाई आत आल्या. चित्र पाहून चारचौघांत लिगायावर इंग्रजीतच कडाडल्या, "एवढी घोडी झालीस आणि मुंडकं टाकून देतेस? मासा ताजा की शिळा, हे कळायचं कशावरून? आईनं काहीच शिकवलं नाही?"

लिगायाचा इतका वेळ कोंडलेला श्वास मोकळा झाला. गॅलरीवाला नको नको म्हणत असतानाच तिनं पिशवीतून ब्रश काढला.

"डोळा चकचकीत काढ," बाई मागून दटावत राहिल्या.

ती मूळची कुठली, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलंच नाही.