जुना काठ

सत्यजीत खारघरच्या ऑफिसातून नकाशा घेऊन जासईच्या खाडीवर आला होता. उपग्रहाचे २००० आणि २०१३ सालचे फोटो एकमेकांवर ठेवून, किती जमीन धुपली ते त्याने लाल रंगात दाखवलं होतं. आता ते जागेवर ताडून बघायचं होतं.

काठावर गावातली मथुराबाय दुधाची वाटी ठेवत होती. तिने नकाशात डोकावलं.

"दादा, ह्ये लाल काय हाय?"

"खाडीने खाल्लेली जमीन, मावशी." आपल्या कामाबद्दल कुणीतरी विचारतंय म्हणून तो खुलला. "तेरा वर्षांपूर्वी काठ इथे नव्हताच. तो पाण्यात खुंट दिसतोय ना, तिथे होता."

तिने खुंटाकडे बघितलं.

"मंजे दरसाल मी भलतीकडंच दूध ठेवतेय?"

"कोणासाठी?"

 

"पोरीसाठी. दात पन आले नव्हते तिला. आमी काठाला लागूनच पुरली व्हती," असं म्हणून तिने वाटी उचलली आणि ती खुंटाच्या दिशेने चिखलात उतरली.