पाहुण्याचं पाणी

"वा! काय गोड पाणी आहे हो!"

मजूरमंत्री भागोजीरावांनी पेला एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. सोनूबाईनं कळशी वाकवली. उरणचं मिठागर, एप्रिलचं ऊन, चारी बाजूंना मिठाच्या राशी. डोळे उघडे ठेवणं मुश्कील. साहेबांच्या डोक्यावर मात्र छत्री होती. मिठागराचा शेठ स्वतः ती धरून उभा होता.

आत्ताच त्यांचं भाषण झालं होतं. "मी इथं पाहुणा म्हणून आलेलो नाही. मी तुमच्याच घरचा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं काय त्यात? भागोजीराव शेजारच्याच पाड्यातले. त्यांची आई याच मिठागरात डोक्यावर मीठ वाहायची. आठ वर्षांपूर्वी ते नुसते आमदार होते, तेव्हा इथलं मचूळ पाणी औषधाच्या बाटलीत भरून घेऊन गेले आणि विधानसभेत टेबलावर आदळलं. "हे आधी पिऊन दाखवा, मग बोला!" दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत बाटलीचा फोटो. बाटली सोनूबाईची, पाणीही तिनंच भरून दिलेलं. त्या बाटलीवर भागोजी आमदाराचे पुढारी झाले, पुढाऱ्याचे मंत्री झाले, अख्खं मजूर खातं त्यांच्या हाती आलं. मिठागरावर नळ तेवढा आला नाही.

तो आज ठरायचा होता. साहेबांनी पाणी बघायचं, 'पिण्यालायक नाही' असा शेरा मारायचा, की शेठला नळ आणून द्यावाच लागणार. दोन शब्द आणि एक सही. फार का मागत होते हे लोक?

भागोजीरावांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ते सेक्रेटरीकडे वळले.

"लिहा. पाणी स्वतः पिऊन पाहिलं. उत्तम आहे. तक्रार निकालात काढावी."

"मी तरी तेच सांगत होतो साहेब," शेठ म्हणाला. "हे लोक उगाच बोंब मारतात."

सोनूबाईचा हात कळशीवर तसाच राहिला. अरे देवा! हे पाणी इथलं नव्हतंच. मंत्री येणार म्हणून तिची सून बायजा आठव्या महिन्याचं पोट घेऊन पहाटे डोंगराखालच्या विहिरीवर गेली होती. जायला कोस, यायला कोस. शेजारणीकडून नवी कळशी मागून आणली, पेला चिंचेनं घासून लख्ख केला. आलेल्या माणसाला मचूळ पाणी द्यायचं कसं? आज, निदान आजच्या दिवस, तेच द्यायला हवं होतं, हे पन्नास माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. रीत म्हणजे रीत.

"भागोजी, थांब जरा," सोनूबाई म्हणाली. मंत्र्याला अरे-तुरे! शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ह्ये पानी डोंगराखालचं हाय. तू येनार म्हनून आनलंय. आमचं पानी त्या मडक्यात हाय. त्ये पी आनि मंग लिव."

"हे बघा बाई..."

बाई! मतं मागायला यायचा तेव्हा सोनूकाकी होती.

तिनं तोवर मडक्यात पेला बुडवून त्यांच्यासमोर धरलाही होता. पाणी पिवळट होतं. भागोजीरावांनी पेल्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"साहेबांची संध्याकाळी पेणला सभा आहे," सेक्रेटरी मध्ये पडला. "पोट बिघडलं म्हणजे?"

"आन् आमाला पोटं न्हाईत?" सोनूबाई कडाडली. मग भागोजीरावांकडे वळून म्हणाली, "तुजी आय बी पावना आला की त्याच हिरीवर जायाची. तुज्या लग्नात मीच गेलते तिच्यासंगं. तुला ठाव न्हाय व्हय?"

ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं! पहिल्याच घोटाला त्यांनी विहीर ओळखली असणार. ज्याला लहानपणी ते पाणी फक्त पाहुण्याच्या पेल्यातलं उरलंसुरलं मिळायचं, तो ती चव विसरेल होय?

भागोजीराव हसले. हात जोडले. "पुन्हा एक अर्ज करा. मी जातीनं लक्ष घालीन. आणि बाई, तुमची ती बाटली अजून माझ्या कचेरीत आहे बरं का. काचेच्या कपाटात ठेवलीय. येईल त्याला दाखवतो."

"दावतोस," सोनूबाई म्हणाली. "पाजत न्हाईस."

सेक्रेटरीनं वही मिटली. मोटार बांधावरून धुरळा उडवत निघून गेली आणि तिच्यामागून शेठची छत्रीही गेली.

बायजा मडक्याशेजारी मटकन बसली होती. दोन कोस चालून आणलेल्या त्या पाण्याचा थेंबही तिनं तोंडात घेतला नव्हता. पाहुण्याच्या आधी कसं प्यायचं? घसा कोरडा पडला होता. तिनं सवयीनं मचूळ पाण्याचा पेला उचलला.

सोनूबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि नवी कळशी तिच्या तोंडाला लावली.

"पी गं," ती म्हणाली. "पावना गेला."