परत जाणारं टपाल

ऑर्कुटवर स्क्रॅप म्हणून टाकलेले निरोप सगळे वाचतात, म्हणून वेदश्रीनं या वेळी आईला टेस्टिमोनियल पाठवलं. ते आईनं अ‍ॅक्सेप्ट केलं, तरच लोकांना दिसणार होतं. सप्तापूरच्या नेट कॅफेत बसून सुशीलाबाईंनी वाचलं, ‘आई, हे मारतात गं. सासूबाई दार लावून घेतात. हे अ‍ॅक्सेप्ट करू नकोस, वाचून पुसून टाक.’

रजिस्टर टपाल घेतलं नाही, तर ते पाठवणाऱ्याच्या घरी परत जातं, एवढं त्यांना आयुष्यभर ठाऊक. हे परत जाऊन जावयाच्या हाती पडलं तर? त्यांनी घाईघाईनं अ‍ॅक्सेप्ट दाबलं.

दोन दिवसांत हुबळीतल्या सगळ्या पाहुण्यांनी ते वाचलं आणि व्याह्यांनी पोलिसांत अब्रुनुकसानीची तक्रार दिली. फौजदारांनी समजावलं, “अक्का, मुलीला त्याच जागी माफी लिहू द्या. तक्रार मागे घेतो म्हणतात ते.”

आज त्याच कॅफेत, पाठीशी नवरा उभा असताना, वेदश्रीनं टाइप केलं, ‘मी लिहिलं ते सगळं खोटं होतं. माझ्या सासरची माणसं फार चांगली आहेत.’

शेजारच्या कॉम्प्युटरवर ते आईकडे आलं. सुशीलाबाईंचं बोट माउसवर तसंच राहिलं. हे तरी परत जाऊ दे, असं त्यांना वाटत होतं.

 

वेदश्रीनं आईच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. “दाब, आई. मला त्याच घरी परत जायचंय.”